चट्टा अजून दिसतो आहे, मग औषध दहाच दिवस का?

वाचकाचे पत्र

आम्ही अमेरिकेच्या ईशान्य भागात राहतो. घरामागे झाडी आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात माझ्या यजमानांच्या गुडघ्यामागे लाल चट्टा उठला. खाज नव्हती, दुखतही नव्हते, पण चार दिवसांत तो तळहाताएवढा झाला. काही चावल्याचे त्यांना आठवत नाही. डॉक्टरांनी चट्टा पाहताच हा लाइम रोग असल्याचे सांगितले, रक्त तपासले नाही आणि डॉक्सीसायक्लिनच्या १०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल दिवसातून दोनदा, दहा दिवसांसाठी लिहून दिल्या. पहिल्याच रात्री त्यांना थंडी वाजून ताप आला आणि चट्टा अधिकच लाल दिसू लागला. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. आज सातवा दिवस आहे. चट्टा फिका झाला आहे, पण गेलेला नाही, थकवाही आहे. माझी नणंद इंग्लंडमध्ये असते, तिला दोन वर्षांपूर्वी याच आजारासाठी एकवीस दिवस औषध दिले होते. ओळखीच्या एकांनी तर सांगितले, की हे जंतू शरीरात लपून बसतात आणि काही महिने औषध घेतल्याशिवाय जात नाहीत. घरात माझ्या दाताच्या दुखण्याच्या वेळच्या अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या उरल्या आहेत. दहा दिवस झाल्यावर त्या पुढे चालू ठेवल्या तर चालेल का? की डॉक्टरांकडून मुदत वाढवून घ्यावी? आणि शेवटी रक्त तपासून खात्री करून घ्यावी का?

उत्तर

तुमच्या पत्रातून जे समजते त्यावरून सांगायचे, तर यजमानांना दिलेले औषध योग्य आहे, त्याची मात्रा योग्य आहे आणि दहा दिवसांची मुदतही पुरेशी आहे. उरलेल्या तीन दिवसांच्या कॅप्सूल एकही न चुकवता पूर्ण कराव्यात आणि मग थांबावे. चट्टा त्या दिवशी पूर्ण गेलेला नसला, तरी केवळ तेवढ्या कारणाने मुदत वाढवण्याची गरज नाही. घरातल्या उरलेल्या अमॉक्सिसिलिनला मात्र हात लावू नये. ही चार वाक्ये मी आधीच लिहून टाकली, कारण तुम्ही हे उत्तर काळजीने वाचत असणार. आता त्यामागची कारणे सविस्तर सांगतो.

सर्वांत आधी चट्ट्याविषयी. हा रोग बोरेलिया नावाच्या मळसूत्री आकाराच्या जिवाणूमुळे होतो आणि तो माणसाच्या अंगात गोचिडीच्या चाव्यातून शिरतो. अमेरिकेच्या ईशान्य भागात तो पसरवणारी काळ्या पायांची गोचीड वाढीच्या ज्या अवस्थेत माणसाला बहुधा चावते, त्या अवस्थेत ती खसखशीच्या दाण्याएवढी असते, आणि तिचा चावा दुखत नाही. म्हणून तुमच्या यजमानांना काही आठवत नाही यात नवल नाही, तसे कित्येक रुग्णांना आठवत नाही. चावल्यापासून ३ ते ३० दिवसांत, बहुधा आठवडाभरात, त्या जागी चट्टा उठतो आणि तो दिवसागणिक कडेने पसरत जातो. जिवाणू त्वचेतून बाहेरच्या दिशेने सरकत असतात आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांच्या मागे लागलेली असते. तो लालसरपणा म्हणजे बव्हंशी या प्रतिकाराची खूण असते. डॉक्सीसायक्लिन सुरू झाल्यावर चट्ट्यातील त्वचेतून जिवंत जिवाणू मिळणे लवकरच बंद होते, पण मेलेल्या जिवाणूंचे अवशेष उचलून नेणे, सुजलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या पूर्ववत होणे, हे काम शरीर आपल्या गतीने करत राहते. कुणाचा चट्टा पाच दिवसांत दिसेनासा होतो, तर कुणाचा औषध संपल्यानंतरही दोन-तीन आठवडे फिकट गुलाबी किंवा तपकिरी डाग होऊन राहतो. आपल्यासारख्या सावळ्या वर्णाच्या त्वचेवर हा उरलेला डाग अधिक काळ टिकू शकतो. एरवीही सावळ्या त्वचेवर हा चट्टा लालभडक दिसण्याऐवजी जांभळट किंवा मुका मार लागल्यासारखा दिसतो आणि त्यामुळे तो ओळखायला उशीर होतो. तुमच्या डॉक्टरांनी तो वेळेत ओळखला, हे फार बरे झाले.

यातली आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. औषध न घेताही हा चट्टा काही आठवड्यांत आपोआप जातो. चट्टा जातो, पण जिवाणू मात्र रक्तावाटे सांध्यांकडे, मज्जातंतूंकडे, क्वचित हृदयाकडे पोचलेले असू शकतात. याचा अर्थ असा, की चट्ट्याकडे पाहून औषधाचे दिवस मोजताच येत नाहीत. तो लवकर गेला म्हणून औषध पाचव्या दिवशी सोडणे जितके चुकीचे, तितकेच तो रेंगाळला म्हणून औषध पंधराव्या दिवसापर्यंत ताणणेही चुकीचे. मुदत ठरते ती औषधावरून आणि रोगाच्या टप्प्यावरून.

चट्ट्यावर लक्ष ठेवायचेच असेल, तर सोपा उपाय सांगतो. साध्या बॉलपेनने त्याच्या आजच्या कडेवर बारीक रेघ ओढावी, बाजूला तारीख लिहावी आणि एक छायाचित्र काढून ठेवावे. रंग फिका की गडद, हे दिव्याच्या उजेडावर आणि आपल्या मनःस्थितीवर अवलंबून असते, पण कड रेघेच्या आत आहे की बाहेर गेली, हे नेमके दिसते. औषध सुरू होऊन आठवडा झाल्यावरही कड बाहेर सरकत असेल तर डॉक्टरांना कळवायला हवे. रेघेच्या आतला डाग हळूहळू विरत असेल, तर काळजीचे कारण नाही.

पहिल्या रात्रीच्या तापाचे कारणही यातच आहे. औषधामुळे पुष्कळ जिवाणू एकदम मरतात, त्यांचे घटक रक्तात येतात आणि त्यामुळे पहिल्या २४ तासांत काही रुग्णांना हुडहुडी भरून ताप येतो, अंग मोडून येते, चट्टाही तात्पुरता अधिक लाल होतो. ही औषधाची अॅलर्जी नव्हे, आणि रोग बळावल्याचेही ते लक्षण नव्हे. दिवसभरात ताप उतरला, म्हणजे सारे अपेक्षेप्रमाणेच झाले. त्या रात्री घाबरून तुम्ही औषध बंद केले नाहीत, याबद्दल मला मनापासून समाधान वाटते.

आता दहा या आकड्याकडे वळतो. हा आकडा डॉक्टरांनी काटकसर म्हणून निवडलेला नाही. अमेरिकेतील संसर्गजन्य रोग, मज्जासंस्था आणि संधिवात या तीन शाखांच्या तज्ज्ञ संस्थांनी मिळून २०२० साली ज्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांत चट्ट्याच्या टप्प्यातील लाइम रोगासाठी डॉक्सीसायक्लिन दहा दिवस, अमॉक्सिसिलिन किंवा सेफुरॉक्झिम चौदा दिवस अशी मुदत दिलेली आहे. त्याआधीच्या, २००६ सालच्या सूचनांत डॉक्सीसायक्लिनसाठी १० ते २१ दिवसांची मुभा होती, त्यामुळे जुन्या सवयीने चौदा किंवा एकवीस दिवस लिहून देणारे डॉक्टर आजही भेटतात. मधल्या काळात मुदत खाली आली ती प्रत्यक्ष तुलना करणाऱ्या चाचण्यांमुळे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कमधील चाचणीत १८० रुग्णांना तीन गटांत विभागले होते. एका गटाला दहा दिवस डॉक्सीसायक्लिन, दुसऱ्याला वीस दिवस आणि तिसऱ्याला दहा दिवसांच्या जोडीला सुरुवातीला शिरेतून सेफ्ट्रिआक्झोनची एक मात्रा असे उपचार दिले गेले. रुग्णांचा पाठपुरावा अडीच वर्षे झाला आणि वीस दिवसवाले किंवा इंजेक्शनवाले दहा दिवसवाल्यांपेक्षा अधिक बरे झाले, असे काही दिसले नाही. पुढे स्लोव्हेनियात, जिथे हा रोग मोठ्या प्रमाणावर आढळतो, दहा आणि पंधरा दिवसांची तुलना झाली, तिथेही हाच निष्कर्ष निघाला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्याच दुसऱ्या चाचणीत, एकच चट्टा असलेल्या प्रौढांमध्ये सात दिवसांचे औषध चौदा दिवसांच्या औषधापेक्षा कमी पडले नाही. म्हणजे दहा दिवसांत थोडी सुरक्षेची जागा आधीच धरलेली आहे. तरीही कुणी सातव्या दिवशी आपणहून औषध थांबवू नये. तो अभ्यास युरोपातील रुग्णांवर झालेला आहे आणि तिकडे या जिवाणूची प्रमुख जात वेगळी आहे. तुमच्या यजमानांना दहा दिवस सांगितले आहेत, तर दहाच दिवस घ्यावेत.

औषधागणिक मुदत का बदलते, हा प्रश्न तुमच्या अमॉक्सिसिलिनच्या गोळ्यांशी जोडलेला आहे. डॉक्सीसायक्लिन ऊतींमध्ये चांगले झिरपते आणि रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर यायलाच बरेच तास, साधारण पाऊण दिवस, लागतो. अमॉक्सिसिलिन एक-दीड तासात निम्मे होते, म्हणून ते दिवसातून तीनदा घ्यावे लागते. शिवाय चौदा दिवसांहून कमी मुदतीचा त्याचा तितका कसून अभ्यास झालेला नाही, म्हणून त्याला चौदा दिवस दिले जातात. या दोन स्वतंत्र वाटा आहेत. एकीची दहा दिवसांची वाट पूर्ण करून वर दुसरीचे चार दिवस जोडल्याने उपचार अधिक पक्का होत नाही. जुन्या उरलेल्या गोळ्यांची संख्या अपुरी, मात्रा कदाचित निराळी, मुदत कदाचित उलटलेली, आणि त्यातून अंगावर नवे पुरळ उठले, तर ते औषधाचे की रोगाचे या घोळात तुम्ही आणि तुमचे डॉक्टर दोघेही अडकाल. त्या गोळ्या औषधाच्या दुकानात विल्हेवाटीसाठी परत देऊन टाकाव्यात.

इतर वाचकांसाठी इथेच एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण माझ्या मते दिवसांच्या संख्येपेक्षाही तिच्यामुळे अधिक नुकसान होते. हा चट्टा कधी कधी त्वचेचा साधा जंतुसंसर्ग समजला जातो आणि सेफॅलेक्सिन दिले जाते. सेफॅलेक्सिन या जिवाणूवर चालत नाही. ते कितीही दिवस घेतले तरी लाइम रोगाचा उपचार झाला असे होत नाही. म्हणून दिवस मोजण्याआधी पाकिटावरचे नाव वाचावे. अझिथ्रोमायसिन वर सांगितलेली औषधे चालत नसतील तेव्हाच वापरतात, कारण ते तितके खात्रीचे नाही. गरोदर स्त्रियांना बहुधा अमॉक्सिसिलिन दिले जाते. लहान मुलांना डॉक्सीसायक्लिन अजिबात देऊ नये हा पूर्वीचा नियम आता सैल झाला असून अल्प मुदतीसाठी ते देता येते, मात्र मात्रा वजनावर ठरते आणि ती डॉक्टरांनीच ठरवावी.

तुमच्या नणंदेला मिळालेले एकवीस दिवसही चुकीचे नव्हते. इंग्लंडमधील राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना २०१८ सालच्या आहेत आणि त्यांत चट्ट्यासाठीही डॉक्सीसायक्लिन एकवीस दिवस सांगितलेले आहे. त्या समितीसमोर बव्हंशी हेच अभ्यास होते. उपलब्ध पुरावा तिला पुरेसा भक्कम वाटला नाही, काही अभ्यासांत बरे होणाऱ्यांचे प्रमाण अपेक्षेहून कमी दिसले, म्हणून तिने सावधगिरीने लांबची मुदत धरली. अमेरिकेतील समितीने त्याच पुराव्यातून असे ताडले, की अधिक दिवसांनी अधिक फायदा दिसत नसेल, तर रुग्णाला अधिक दिवसांचे दुष्परिणाम का सोसायला लावायचे. माझे मत विचाराल तर मला दुसरा युक्तिवाद अधिक पटतो. पण दोन देशांतील जाणत्या लोकांचा हा मतभेद दहा आणि एकवीस दिवसांमधला आहे, दहा दिवस आणि सहा महिने यांमधला नाही, हे नीट ध्यानात घ्यावे.

त्या महिनोन्‌महिन्यांच्या सल्ल्याबद्दल मला थोडे ठामपणे लिहावेसे वाटते. औषधाचा कोर्स पूर्ण झाल्यावरही काही रुग्णांना, साधारणपणे शंभरांत पाच ते दहा जणांना, थकवा, अंगदुखी, विसराळूपणा अशा तक्रारी सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ राहतात. त्यांचा त्रास खरा असतो आणि ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे सांगून त्यांची बोळवण करणे अन्यायाचे आहे. अशा वेळी अधिक औषधाने बरे वाटेल, असे वाटणे स्वाभाविक आहे, म्हणूनच ते नीट तपासूनही पाहिले गेले. २००१ साली अमेरिकेत अशा रुग्णांना तीस दिवस शिरेतून आणि पुढे साठ दिवस तोंडाने प्रतिजैविके देऊन त्यांची तुलना नुसत्या निष्क्रिय औषधाशी केली गेली. २०१६ साली नेदरलँड्समध्ये दोन आठवड्यांच्या शिरेतील औषधानंतर आणखी बारा आठवडे प्रतिजैविके देऊन पाहिली गेली. दोन्ही ठिकाणी लांबवलेल्या औषधाने रुग्णांच्या त्रासात फरक पडला नाही. फरक पडतो तो दुष्परिणामांत. पोटातील उपयुक्त जिवाणू मरून तीव्र जुलाब लागतात, त्यात क्लॉस्ट्रिडियम नावाचा जिवाणू माजला तर रुग्णाला रुग्णालयात दाखल करावे लागते, आणि शिरेत महिनोन्‌महिने नळी ठेवलेल्यांना त्या नळीवाटे गंभीर संसर्ग झाल्याची उदाहरणे आहेत. तुमच्या ओळखीच्या गृहस्थांचा हेतू चांगलाच असेल, पण तुमच्या यजमानांचा रोग अगदी सुरुवातीलाच सापडला आहे, आणि याच टप्प्यावर दहा दिवसांच्या औषधाने बहुतेक सगळे रुग्ण पूर्ण बरे होतात. सातव्या दिवशीचा थकवा तर अपेक्षितच आहे. तो उतरायला काही आठवडे द्यावेत.

रक्त न तपासता औषध दिले, म्हणून तुमच्या मनात शंका आलेली दिसते. ते बरोबरच होते. ही तपासणी जिवाणू शोधत नाही, जिवाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते, आणि ती मोजण्याइतकी तयार व्हायला काही आठवडे लागतात. चट्टा ताजा असताना तपासणी केली, तर रोग असूनही ती अनेकदा नकारार्थी येते आणि त्या कागदावर विसंबून उपचार लांबणीवर पडतो. ज्या भागात हा रोग आहे, तिथे असा पसरणारा चट्टा दिसला, तर तेवढ्यावर निदान करावे, हाच शिरस्ता आहे. उपचार संपल्यावर खात्रीसाठी तपासणी करण्याचाही उपयोग नाही. प्रतिपिंडे रोग बरा झाल्यावरही महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे रक्तात राहतात, त्यामुळे अहवाल होकारार्थी आला तर तुम्ही विनाकारण धास्तावाल, आणि नकारार्थी आला तरी त्यातून बरे झाल्याचे सिद्ध होणार नाही. यजमान बरे आहेत की नाहीत, हे त्यांच्या प्रकृतीवरूनच ठरवायचे आहे.

उरलेल्या तीन दिवसांत कॅप्सूल कशी घ्यायची, याकडे मात्र जरूर लक्ष द्यावे. डॉक्सीसायक्लिनची कॅप्सूल घोटभर पाण्याने घेऊन लगेच आडवे झाले, तर ती अन्ननलिकेत चिकटून तिथे व्रण पडू शकतो आणि मग गिळताना छातीच्या मध्यभागी चरचरते. रात्रीची कॅप्सूल जेवणासोबत, पेलाभर पाण्याने घ्यावी आणि त्यानंतर किमान अर्धा तास तरी बसून राहावे किंवा शतपावली करावी. कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम यांच्या गोळ्या आणि आम्लपित्तावरची औषधे या औषधाला धरून ठेवतात, म्हणून त्यांत आणि कॅप्सूलमध्ये दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे. दूधही कॅप्सूलसोबत टाळावे. या औषधाच्या काळात ऊन फार लवकर भाजते, तेव्हा बागकाम पुढे ढकलावे. एखादी मात्रा चुकली, तर आठवताच घ्यावी, पण पुढच्या मात्रेची वेळ आलीच असेल, तर दोन एकदम घेऊ नयेत.

मुदत वाढवण्याचा किंवा उपचार बदलण्याचा विचार कधी करावा लागतो, हेही सांगायला हवे. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे, मान ताठून डोके असह्य दुखणे, छातीत धडधडणे, घेरी येणे किंवा दम लागणे यांपैकी काहीही झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. घेरी येऊन शुद्ध हरपली, तर थेट तातडीच्या विभागात न्यावे, कारण या रोगात हृदयाच्या ठोक्यांचे वहन अडखळू शकते. मज्जातंतू किंवा हृदय यांत रोग शिरला असेल, तर १४ ते २१ दिवस आणि गुडघ्यासारखा सांधा सुजला असेल, तर २८ दिवस औषध द्यावे लागते. मुदत वाढते ती अशा कारणांनी. अंगावर इतरत्र नवे चट्टे उठले, तरीही कळवावे, मात्र केवळ एकाहून अधिक चट्टे आहेत, एवढ्यावरून मुदत वाढतेच असे नाही. औषध सुरू असूनही दोन दिवसांहून अधिक ताप राहिला, तर त्याच गोचिडीने आणलेल्या बॅबेसिया नावाच्या परजीवीचा विचार करावा लागतो. तो रक्तपेशींत राहतो आणि डॉक्सीसायक्लिनला दाद देत नाही. तुमच्या यजमानांचा ताप दुसऱ्याच दिवशी उतरला, तेव्हा तूर्त ती शंका नाही.

एकदा हा रोग झाला म्हणून पुन्हा होणार नाही, असे नसते. नवी गोचीड चावली, तर नव्याने होऊ शकतो, म्हणून झाडीत काम करून आल्यावर गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली आणि केसांच्या कडेने नीट पाहावे. चिकटलेली गोचीड दिसली, तर बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेला अगदी लागून धरून सरळ वर ओढून काढावी, तिच्यावर तेल ओतू नये, डाग देऊ नये. ती ३६ तासांहून अधिक काळ चिकटलेली असावी असे वाटले, तर काढल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारावे. तुमच्यासारख्या रोगग्रस्त भागात अशा वेळी डॉक्सीसायक्लिनची २०० मिलिग्रॅमची एकच मात्रा प्रतिबंध म्हणून दिली जाते.